सभा, शाल आणि सर्टिफिकेट : संस्थेवरचा विश्वास नेमका कशावर उभा असतो?

ऑगस्ट-सप्टेंबर म्हणजे आपल्या सीमाभागात वार्षिक सर्वसाधारण सभांचा हंगाम. बेळगाव, खानापूर, निपाणी, चंदगड, कुठंही जा, पतसंस्थेची नाहीतर सोसायटीची सभा मंगल कार्यालयात लागलेली असते आणि तिचा क्रम ठरलेला असतो. दीपप्रज्वलन. संस्थापकांच्या फोटोला हार. दिवंगत सभासदांना श्रद्धांजली. दहावी-बारावीच्या मुलांचा सत्कार, ज्येष्ठांना शाल-श्रीफळ. यात दीड-दोन तास जातात. मग सेक्रेटरी उठतात, अहवाल सर्वांना मिळालेला आहे, तो वाचला असे समजावे का, असं विचारतात आणि मागच्या रांगेतून आवाज येतो, ‘मंजूर, मंजूर!’ ताळेबंद, नफा-तोटा पत्रक, लेखापरीक्षकांचा शेरा, सगळं दहा मिनिटांत आटोपतं. पलीकडं पंगतीची पानं मांडायला सुरुवात झालेली असते.

अशा सभांच्या बातम्या मी कित्येक वर्षं देतोय. ‘सभा खेळीमेळीच्या वातावरणात पार पडली’ हे वाक्य किती वेळा लिहिलं याची मोजदाद नाही. बी.कॉम.ला आम्हाला शिकवलं होतं की संस्था म्हणजे नियोजन, कामाची वाटणी, हिशेब आणि नियंत्रण. हार, शाल आणि फोटो त्या पुस्तकात कुठंच नव्हते. पण सभेत घड्याळ लावून बसलं तर हिशेबाला दहा मिनिटं आणि हार-शालीला दोन तास! हा नुसता देखावा असेल तर शहाणीसुरती माणसं त्यावर इतका वेळ आणि पैसा का घालवतात?

हा प्रश्न विद्यापीठांत गंभीरपणे अभ्यासला जातो. संस्थांमधली मिथकं आणि प्रतीकं हा समाजशास्त्राचा आणि व्यवस्थापनशास्त्राचा एक रीतसर विषय आहे, त्यावर चाळीस-पन्नास वर्षं लिखाण होतंय. विषय ऐकायला लांबचा वाटतो, पण त्याचा संबंध तुमच्या-आमच्या कपाटातल्या ठेवीच्या पावतीशी आहे.

कागदावरची संस्था, आतली संस्था

१९७७ मध्ये जॉन मेयर आणि ब्रायन रोवन या दोन अमेरिकन अभ्यासकांनी ‘अमेरिकन जर्नल ऑफ सोशिऑलॉजी’त एक लेख लिहिला. संस्थेची औपचारिक रचना हेच एक मिथक आणि एक विधी आहे, असं त्यांनी शीर्षकातच म्हणून टाकलं होतं. तोवरची समजूत अशी होती की खाती, पदं, नियम, समित्या या गोष्टी काम नीट व्हावं म्हणून असतात. मेयर-रोवन यांचं म्हणणं पडलं की बऱ्याच वेळा तसं नसतं. समाजात एक समजूत रुजलेली असते की ‘चांगल्या’ संस्थेत अमुक समिती पाहिजे, अमुक शिकलेला अधिकारी पाहिजे, अमुक दाखला भिंतीवर पाहिजे. त्यानं काम खरंच सुधारतं का, हे कुणी तपासलेलं नसतं. पण ते नसेल तर सरकार, बँका, ग्राहक विश्वास ठेवत नाहीत. म्हणून संस्था या गोष्टी आणून ठेवतात. त्यातून मान्यता मिळते, आणि मान्यतेच्या जोरावर संस्था टिकते.

त्यांचा अभ्यास मुख्यतः शाळांचा होता. शाळेत शिक्षकांची पात्रता, इयत्ता, वेळापत्रक, पट या सगळ्यावर काटेकोर नजर असते. पण वर्गाचं दार लागल्यावर आत मुलाला काय समजलं, याची तपासणी त्या मानानं फारच थोडी होते. कागदावरची शाळा आणि वर्गातली शाळा मुद्दाम एकमेकींपासून सुटी ठेवलेली असते. जवळून पाहिलं तर दोन्ही जुळत नाहीत हे उघड होईल, म्हणून तपासणीसुद्धा हळूहळू एक विधी होऊन बसते. आपल्याकडं ज्यानं शाळा तपासणी पाहिली आहे, आदल्या रात्री चिकटवलेले तक्ते पाहिले आहेत, त्याला हे वेगळं सांगायची गरज नाही. मोठ्या कंपन्यांबद्दलही त्यांनी लिहिलंय. कंपनी अर्थतज्ज्ञ पदरी ठेवते, तो आकडेमोडीचे जाडजूड अहवाल देतो, ते कुणी वाचत नाही, वाचले तर कळत नाहीत, तरीही त्या अहवालांमुळं गुंतवणूकदारांना वाटतं की निर्णय विचार करून घेतलाय.

इथं एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. या अभ्यासात मिथक म्हणजे थाप नव्हे. मानववंशशास्त्रज्ञ मालिनोव्स्की यांनी पॅसिफिकमधल्या ट्रोब्रियंड बेटांवर राहून अभ्यास केला आणि १९२६ मध्ये मांडलं की मिथक ही त्या समाजाची सनद असते. जमीन कुणाची, मान कुणाचा, अमुक गोष्ट अशीच का करायची, याचं उत्तर त्या गोष्टीत असतं. आपल्याला ‘सनद’ हा शब्द वेगळा समजावून सांगायला नको. वतनाचे वाद त्यावरच चालायचे. सनद दाखवली की पुढचे प्रश्न थांबतात. संस्थेतल्या गोष्टीही तेच करतात.

प्रत्येकाला वाटतं, आपलीच गोष्ट निराळी

१९८३ मध्ये जोआन मार्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कंपन्यांमध्ये सांगितल्या जाणाऱ्या गोष्टी गोळा केल्या. त्यांना आढळलं की प्रत्येक कंपनीला आपली गोष्ट जगावेगळी वाटते, आणि गोष्टी मात्र सगळीकडं त्याच त्या सात-आठ. त्यातली एक अशी : आयबीएमचे अध्यक्ष थॉमस वॉटसन (धाकटे) सुरक्षित विभागात शिरायला गेले, छातीवर चुकीचा बॅज होता. दारावरच्या तरुण मुलीनं अडवलं. बरोबरचे लोक चिडले, पण वॉटसन योग्य बॅज येईपर्यंत उभे राहिले. दुसरी रेव्हलॉन कंपनीची. मालक चार्ल्स रेव्हसन यांनी हजेरीचा कागद उचलला, तेव्हा नव्या रिसेप्शनिस्टनं तो न्यायचा नाही असं सांगितलं. तिची नोकरी गेली. प्रसंग एकच, शेवट दोन. या दोन ओळींच्या गोष्टीतून नव्या कामगाराला जे कळतं ते पन्नास पानी नियमावलीतून कळत नाही.

आपल्याकडं ‘संस्थापक स्वतः काउंटरवर रांगेत उभे राहायचे’ ही गोष्ट तुम्ही ऐकलीच असेल. मी निदान पाच वेगवेगळ्या संस्थांबद्दल ऐकलीय.

बेळगावची स्वतःची मोठी गोष्ट म्हणजे किर्लोस्करांची. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये इथं सायकलचं दुकान काढलं, पुढं कडबा कापायची यंत्रं आणि लोखंडी नांगर बनवले. शेतकरी लोखंडी नांगराला घाबरायचे, हा भाग प्रत्येक भाषणात येतो. नगरपालिकेला जागा हवी झाली, तेव्हा १९१० मध्ये औंधच्या राजेसाहेबांच्या मदतीनं त्यांनी कुंडल रोडच्या माळावर कारखाना हलवला आणि किर्लोस्करवाडी उभी राहिली. बर्टन क्लार्क या अभ्यासकानं १९७२ मध्ये अशा गोष्टीला संस्थेची ‘गाथा’ म्हटलंय. आता पाहा, तीच घटना किर्लोस्करवाडीत जन्मकथा म्हणून सांगितली जाते आणि आमच्याकडं, किर्लोस्कर रोडवर चहा पिता पिता, ‘हातचं घालवलं’ म्हणून. तपशील दोन्हीकडं तेच आहेत. कोण सांगतंय आणि कशासाठी सांगतंय, त्यावर गोष्टीचा अर्थ फिरतो.

डबेवाले आणि ‘सिक्स सिग्मा’

गोष्ट कशी तयार होते याचा माग सहसा लागत नाही. मुंबईच्या डबेवाल्यांच्या बाबतीत मात्र तो लागतो, आणि माझ्या मते या विषयावरचं याहून चांगलं मराठी उदाहरण नाही.

‘डबेवाल्यांना फोर्ब्सनं सिक्स सिग्मा दिलंय, साठ लाख डब्यांत एखादाच चुकतो,’ हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. शाळेच्या भाषणात, व्हॉट्सअॅपवर, व्यवस्थापनाच्या पुस्तकांत. प्रत्यक्षात झालं असं. १९९८ मध्ये ‘फोर्ब्स’ मासिकाचे सुब्रत चक्रवर्ती यांनी डबेवाल्यांवर लेख लिहिला. त्यांनी संघटनेच्या अध्यक्षांना विचारलं, चूक किती वेळा होते? उत्तर मिळालं, जवळजवळ नाहीच, फार तर दोन महिन्यांतून एकदा. चक्रवर्तींनी हिशेब घातला. मीही कागदावर मांडून पाहिला : रोजचे पावणेदोन लाख डबे, महिन्याला पंचवीस दिवस, दोन महिने, म्हणजे साडेसत्याऐंशी लाख. त्यांनी ढोबळमानानं ऐंशी लाखांत एक चूक असं धरलं, आणि रिकामा डबा घरी परत जातो तीही खेप मोजली तर एक कोटी साठ लाखांत एक. बस्स. कुणी रजिस्टर तपासलं नव्हतं, कुणी चुका मोजल्या नव्हत्या. एका जाणत्या माणसाचा अंदाज होता आणि त्यावर केलेला गुणाकार.

‘सिक्स सिग्मा’ हा शब्द त्या लेखात नव्हताच. चक्रवर्तींनी पुढं स्वतः सांगितलं की फोर्ब्सनं असं कोणतंही प्रमाणपत्र दिलेलं नाही. त्यांच्या सांगण्यानुसार एका परिषदेत कुणा पत्रकारानं अध्यक्षांना विचारलं, तुम्ही सिक्स सिग्मा आहात का? त्यांना तो शब्द माहीत नव्हता. अर्थ सांगितल्यावर ते म्हणाले, मग आहोत की, फोर्ब्सला विचारा. पत्रकारानं फोर्ब्सचा लेख न वाचताच बातमी दिली आणि बाकीच्यांनी ती उचलली. आमच्या व्यवसायाचा यात मोठा वाटा आहे, हे मान्य करायला हवं.

मुळात सिक्स सिग्मा ही मोटोरोला कंपनीतून १९८० च्या दशकात आलेली दर्जा सुधारण्याची पद्धत. दहा लाख संधींत ३.४ चुका हे तिचं प्रसिद्ध माप. त्यात प्रशिक्षण घेतलेल्यांना ‘ग्रीन बेल्ट’, ‘ब्लॅक बेल्ट’ म्हणतात. कराटेतून उचललेलं प्रतीक! कारखान्यातला दर्जा तपासणारा माणूस अचानक योद्धा होतो. यालाच म्हणायचं प्रतीकाची ताकद.

मग डबेवाल्यांचं कौतुक खोटं का? अजिबात नाही. हार्वर्ड बिझनेस स्कूलचे स्टेफान थॉम्के यांनी २०१० मध्ये त्यांच्यावर अभ्यास लिहिला, त्यात त्यांच्या कामाची पद्धत नीट उलगडलीय. झाकणावर तीन प्रकारच्या खुणा असतात : मधला मोठा आकडा डबा कोणत्या भागात जायचा ते सांगतो, कडेची अक्षरं इमारत आणि मजला सांगतात, रंग किंवा आकार निघाल्याचं स्टेशन सांगतो. पूर्ण पत्ता कुठंच नसतो. मोठ्या स्टेशनावर डबे चढवायला चाळीस सेकंद मिळतात, मधल्या स्टेशनावर वीस. प्रत्येक गटात दोन-तीन माणसं जास्तीची ठेवलेली असतात, कुणी आजारी पडला, कुणाची गाडी चुकली तर ती धावतात. आणि बहुतेक सगळे मावळ, खेड, जुन्नर, आंबेगाव भागातले, एकमेकांच्या गावचे, बरेच वारकरी. गावच्या यात्रेला सगळे मिळून सुट्टी घेतात.

पांढरी टोपी हे यातलं प्रतीक. ती डोक्यावर नसेल तर दंड होतो. बाहेरच्याला वाटेल, टोपीचा आणि डबा वेळेवर पोचण्याचा काय संबंध? पण मुंबईतल्या मोठमोठ्या इमारतींच्या दारावर या माणसाला कुणी अडवत नाही, गर्दीच्या स्टेशनात त्याच्या गटातला माणूस त्याला लांबून ओळखतो. टोपी ओळखपत्राचं काम करते. ती घालणाऱ्याला, आपण अन्न पोचवतोय आणि आपल्या गावचं नाव आपल्या डोक्यावर आहे, हेही ती आठवण करून देते. हे दोन्ही एकाच कापडात शिवलेलं असतं, म्हणून अभ्यासक प्रतीकाला ‘वरवरची सजावट’ म्हणून सोडून देत नाहीत.

सिक्स सिग्माच्या गोष्टीनं डबेवाल्यांना बरंच दिलं. व्याख्यानांची आमंत्रणं आली, २००३ मध्ये ब्रिटनचे युवराज चार्ल्स त्यांना चर्चगेटला भेटून गेले. पण मार्च २०२० मध्ये लोकल थांबली आणि त्यांचं काम बंद पडलं. कार्यालयं बंद, डबे बंद. किती तरी जण गावी परतले, शेतीला लागले, मिळेल ते काम धरलं. जगप्रसिद्ध दर्जाचा दाखला असता तरी त्या दिवसांत त्यावर किराणा भरता आला नसता.

डबेवाल्यांच्या मिथकामागं काम भक्कम होतं, फक्त आकडा हवेतला होता. उलटा प्रकार असतो तेव्हा माणसं बुडतात.

आता पावतीकडं वळू

पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँक, म्हणजे पीएमसी. महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक, गुजरात, मध्य प्रदेश धरून सात राज्यांत १३७ शाखा होत्या. हे वाचणाऱ्यांपैकी काहींचं तेव्हा तिथं खातंही असेल. २०१८-१९ च्या अहवालात थकीत कर्जाचं प्रमाण चार टक्क्यांच्या आत होतं. लेखापरीक्षण झालेलं, सभा झालेली, अहवाल मंजूर झालेला. सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेनं निर्बंध घातले आणि ठेवीदाराला खात्यातून सुरुवातीला फक्त एक हजार रुपये काढता येतील असं जाहीर झालं. मग बाहेर आलं की बँकेच्या एकूण कर्जातलं सत्तर टक्क्यांहून जास्त कर्ज एकाच बांधकाम समूहाकडं होतं आणि ते लपवायला एकवीस हजारांहून अधिक बनावट खाती दाखवली होती. मेयर-रोवन यांनी ज्याला सुटं ठेवणं म्हटलंय, ते या टोकाला गेलं. बाहेरचा सगळा विधी बिनचूक, आत वेगळाच कारभार.

पीएमसी निदान बँक होती, तिच्या ठेवींना विमा होता. आपल्या भागातल्या बहुतेक ठेवी पतसंस्थांत आणि बहुराज्य सहकारी संस्थांत आहेत, आणि तिथं एक शब्दच प्रतीक म्हणून वापरला गेला : ‘बँक’. पाटीवर ‘बँक’ लिहिलं की ठेवीदाराच्या डोळ्यासमोर तिजोरी, सरकार, रिझर्व्ह बँक उभी राहते. २०२० च्या कायदा दुरुस्तीनंतर अशा सहकारी संस्थांना नावात ‘बँक’ लावायला बंदी आहे. तरी काही संस्था तो वापरतात, बिगर सभासदांच्या ठेवी घेतात, असं सांगून रिझर्व्ह बँकेनं नोव्हेंबर २०२१ मध्ये लोकांना जाहीर सावध केलं होतं. पाच लाखांपर्यंतचा ठेव विमा व्यापारी आणि सहकारी बँकांना लागू आहे. पतसंस्थेच्या ठेवीला नाही. माझ्या ओळखीच्या, चांगल्या शिकलेल्या माणसांनाही हे माहीत नसतं. ‘अहो, ऑडिट वर्ग ‘अ’ आहे, आयएसओ आहे,’ असं उत्तर मिळतं. आयएसओ ९००१ चा अर्थ एवढाच की कामाच्या पद्धती लिहून ठेवल्यात आणि त्या पाळल्या जातात असं बाहेरच्या माणसानं पाहिलंय. दिलेलं कर्ज परत येईल का, याबद्दल तो कागद काहीही बोलत नाही.

बहुराज्य संस्थेचं आणखी एक. तिची नोंदणी २००२ च्या केंद्रीय कायद्याखाली दिल्लीतल्या केंद्रीय निबंधकांकडं असते. तक्रार घेऊन तुम्ही जिल्ह्याच्या उपनिबंधकांकडं गेलात, मग तो बेळगावचा असो की कोल्हापूरचा, तर ते हात वर करतात, आणि कायद्यानं ते बरोबरच असतं. २०२३ च्या दुरुस्तीनंतर अशा संस्थांच्या ठेवीदारांच्या तक्रारींसाठी सहकार लोकपालाची तरतूद झालीय. शाखा तुमच्या गल्लीत, संस्थापकांचा फोटो ओळखीचा, चेअरमन लग्नाला आलेले. पण दाद मागायची जागा लांब.

म्हणून हार-शाल बंद करा, असं मी म्हणणार नाही. ती बंद केली तर सभेला कुणी येणार नाही, आणि माणसं एकत्र बसतात हीच सहकाराची अर्धी ताकद आहे. फक्त त्या दहा मिनिटांत विचारायच्या गोष्टी ठरवून जावं. सर्वांत मोठ्या दहा कर्जदारांकडं एकूण कर्जातला किती हिस्सा आहे? संचालक आणि त्यांच्या नातेवाइकांकडं किती? लेखापरीक्षकानं काढलेल्या दोषांतले किती दुरुस्त झाले? हे विचारणं सभासदाचा हक्क आहे.

मागं एका सभेत ‘मंजूर, मंजूर’ चालू असताना एक निवृत्त शिक्षिका उठल्या. बाई सत्तरीच्या असतील, शाल नुकतीच मिळालेली, ती मांडीवर. म्हणाल्या, दोष दुरुस्तीचं पान अहवालात सापडत नाही. सेक्रेटरी म्हणाले, ‘बाई, सोमवारी ऑफिसात या, दाखवतो.’ बाई म्हणाल्या, ‘मी उभी आहे, तुम्ही मागवून घ्या.’ ऑफिस तीन गल्ल्या पलीकडं होतं. शिपाई गाडीवरून गेला, फाईल आली. पंगत चाळीस मिनिटं उशिरा बसली.